शिडीवरचा काजवा

१

गुरुवारी सकाळी पूजा आटोपून, कपाळाला बुक्का लावून द्वारकाबाई पुढच्या खोलीचं दार उघडायला आल्या आणि भिंतीसमोर खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या.

शिडीवरचं एक नाव खोडलेलं होतं!

नुसती रेघ मारलेली नव्हती. लाल पेनानं इतकं गिरगटलं होतं, की कागद फाटून मागचा चुना दिसत होता. आणि बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'मुखवटा सापडला.'

बारामतीतल्या या घराची पुढची खोली म्हणजे गेल्या वर्षापासून त्यांच्या भाच्याचा, दीपकचा कॉम्प्युटर क्लास. सहा कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि द्वारकाबाईंच्या नावावरचा टेलिफोन. बाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं काढली होती. निम्म्या तालुक्याचे आवाज त्यांच्या कानात मुक्कामाला होते. निवृत्तीनंतर त्या कानांना एकच व्यसन उरलं, कीर्तनाचं. पंचक्रोशीत कुठं कीर्तन उभं राहिलं, की बाई पहिल्या रांगेत. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण दीपकचा खेळ मात्र कळे, कारण रोज संध्याकाळी पोरं तो खेळताना घर डोक्यावर घेत.

खेळाचं नाव 'गडकोट'. दीपकनंच लिहिलेला. दोघांनी खेळायचा. प्रत्येकाला एक गड, सात सरदार, शेतात थोडं धान्य. आळीपाळीनं चाली करायच्या आणि समोरच्याचा गड घ्यायचा. खोलीतली पोरं एकमेकांशी खेळत, आणि टेलिफोनच्या तारेवरून इंदापूरची पोरंही खेळत. तिथं कौसल्या नावाची मुलगी असाच तीन कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. बारामतीत बसायचं आणि इंदापूरचा गड घ्यायचा! नव्व्याण्णव साल होतं. बघणाऱ्याला आक्रीतच वाटे.

कोण किती गुणांवर, त्याची भिंतीवर चिकटवलेली यादी म्हणजे शिडी. खोडलेलं नाव होतं चौथ्या पायरीवरच्या राजेश्वरीचं. इंदापूर तालुक्यातली, कॉलेजच्या पहिल्या वर्षातली पोर. दिवाळीनंतर खेळायला लागली आणि पाच आठवड्यांत चौथी आली.

"आत्या, चहा..." म्हणत दीपक आत शिरला आणि भिंत बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हे कुणी केलं?"

"म्या केलं." दारातून आवाज आला.

शंभूराज. सोमेश्वरनगरकडच्या ऊसवाल्या घरचा बावीस वर्षांचा गडी. सोळाशे चाळीस गुण, शिडीवर पहिला, आणि पहिला असल्याचं एक घडी न विसरणारा.

"काल सांच्याला खोडलं. आत्या देवळात गेल्या हुत्या, न्हायतर त्यांच्यादेखत खोडलं असतं. ही पोरगी नवी न्हायच. दोन महिने मुखवटे घालून नव्या पोरांना तुडवलं, आन आता साळसूदपणे सवताच्या नावानं आलीया."

"पुरावा?" बाईंनी विचारलं.

"सात पोरं रडकुंडीला येऊन खेळ सोडून गेली. ह्यो काय कमी पुरावा झाला?"

"तो गुन्ह्याचा पुरावा झाला, शंभू. गुन्हेगाराचा नव्हे."

शंभूराज काही बोलणार, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. खाकी स्वेटर घातलेला, कानाला मफलर गुंडाळलेला एक माणूस चपला काढून आत आला.

"रामराम. मी भीमा. एमआयडीसीत डेअरीवर असतो. हितं भिताडावर माझ्या लेकीचं नाव लावलंय म्हनं. कुठं हाय?"

भीमरावांनी स्वतःच बोट ठेवत ठेवत यादी वाचली. लाल गिरगट्यापाशी बोट थांबलं. शेजारचे शब्द त्यांनी अक्षर अक्षर जुळवून वाचले आणि मान न वळवता विचारलं,

"मुखवटा म्हंजे चोर का वो, बाई?"

२

"चोर ठरलेला नाही अजून कुणी," द्वारकाबाई म्हणाल्या. "बसा, भीमराव."

भीमराव बसले नाहीत. "कामावर एकानं हसत हसत सांगितलं, तुझी पोरगी लबाडीनं जिंकती. बाई, आमच्या घरात माझ्या बापापातूर समदी मेंढरांमागं फिरली. पोरीला कालिजात घातली तवा भावकीनं नावं ठेवली. मी म्हनलं, शिकू द्या. आता असला बट्टा घिऊन ती तितं जायची न्हाय. ऐतवारी मला सुट्टी हाय. ऐतवारी तिला घिऊन येतो. खरं काय ते तोंडावर सांगा. खरंच लबाड निघाली, तर कालिज बी बंद आन काम्पुटर बी बंद."

मोटारसायकलचा आवाज लांब गेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस!

"आता मला सगळं पहिल्यापासून सांग," बाईंनी दीपकला समोर बसवलं.

दीपकनं सांगितलं ते असं. गडकोटात पाहिजे ते नाव घेऊन खेळता येई. दसऱ्याच्या सुमारास 'वाटसरू' नावाचा एक नवा खेळाडू आला. प्रत्येक नव्याला मिळतात तसे त्यालाही एक हजार गुण मिळाले. तो फक्त नव्यांशीच खेळला, एकूण एक डाव जिंकला आणि गडप झाला. मग 'पाखरू' आलं, तेही नव्यांना चोपून उडून गेलं. आता 'काजवा'. तिघांच्याही नावापुढं प्रिंटरनं 'इं' छापलेलं. म्हणजे इंदापूरहून फोनवरून आलेले.

"आन इंदापुरात असं खेळणारं हायच कोण?" शंभूराज मध्येच बोलला. "कौसल्या, न्हायतर ही."

"नवी पोरं नव्यांशीच का खेळतात रे? तुम्ही मोठे का नाही खेळत त्यांच्याशी?"

शंभूराज हसला. "आत्या, मी नव्याला हरवलं तर मला गुण मिळणार दोन. चुकून हरलो तर जाणार चाळीस. कोण खेळंल?"

दीपकनं मान खाली घातली. नियम त्याचाच होता.

दुपारी दादासो आला. एका कॉलेजातली कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सांभाळणारा, पस्तिशीचा, मऊ बोलणारा माणूस; शिडीवर दुसरा. नव्या पोरांना, अगदी इंदापूरला जाऊनही, खेळ समजावून द्यायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. नव्यांच्या हातात पडणारा माहितीचा कागदही त्याचाच.

"जाऊ द्या हो आत्या," तो म्हणाला. "पोर लहान आहे. नाव काढलंय तर काढलंय. चौकशी केली की तिचीच बदनामी."

"बदनामी झालीच आहे, दादासो. चौकशी तेवढी राहिलीय. तुम्ही हरलात ना तिच्याशी?"

"तीनदा." दादासो कसनुसं हसला. "मी वर्षभर खेळतोय, ती पाच आठवडे. खरा नवा माणूस असा खेळतो का? तुम्हीच सांगा."

प्रश्न खरा होता. आणि तेच वाईट होतं.

"दीपक," त्या उठल्या, "त्या तिन्ही मुखवट्यांचे कागद माझ्या पिशवीत घाल. उद्या पहिल्या एसटीनं मी इंदापूरला चालले."

३

रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एसटी त्यांच्यामागं गोगलगायीसारखी सरकत होती आणि द्वारकाबाई दर फाट्याला घड्याळ बघत होत्या.

कौसल्या चोवीस वर्षांची, तुरुतुरु चालणारी, बोलायला खणखणीत. "आत्या! आवाज वर्षभर फोनवर ऐकला, माणूस आज बघितलं. या, बसा. ही बघा तुमची चोरटी."

कोपऱ्यातल्या खुर्चीत राजेश्वरी बसली होती. समोर कॉम्प्युटर चालू होता; हात मात्र मांडीवर घट्ट दुमडलेले.

"कालपासून कळीला हात लावला न्हाय तिनं," कौसल्या म्हणाली. "आन मुखवट्यांनी माझीच अर्धी पोरं पळवली. ती नकोशी नावाची, एवढी हौशी पोर! काजव्यानं चार डाव सलग चोपली. रडत गेली, ती परत आलीच न्हाय."

बाई राजेश्वरीशेजारी बसल्या. "एकच विचारते. एवढं खेळायला कुठं शिकलीस?"

पोर उठली, फळ्याजवळचा खडू घेतला आणि फरशीवर भराभरा रेघा ओढायला लागली. आडव्या, उभ्या, तिरप्या.

"वाघबकरी," ती म्हणाली. "मेंढरं बसली की आज्जा दगडावर असा पट काढायचा. वाघ तीन, बकऱ्या पंधरा. आज्जा कायम वाघ घ्यायचा. मला बकऱ्या."

"हरायचीस?"

"दोन वर्षं रोज."

"मग?"

"मग आज्जा हरायला लागला." तिच्या ओठाच्या कडेला हसू येऊन गेलं. "एकटी बकरी म्होरं गेली की वाघ उडी मारून खातो. समद्या मिळून सरकल्या की वाघाला हलायला जागा ऱ्हात न्हाय. गडकोटात बी तेच हाय, आत्या. शंभूदादा एकेक सरदार म्होरं दामटतो. मी दामटत न्हाय."

द्वारकाबाईंना आनंदानं भरून आलं. खेळात नवी, डावपेचात जुनी! शिडीला हे कळायचं कसं? शिडी सगळ्यांना एक हजार गुण देऊन मोकळी. पण ही झाली त्यांची खात्री. रविवारी शंभूराजपुढं मांडायला ती पुरली नसती.

"दीपकला एक फोन लाव गं," त्या म्हणाल्या.

"लावते की. आता लागतो. मागल्या आठवड्यात तीन दिवस मेला हुता! रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. पोरं नुसती पत्ते पिसत बसली."

बाईंनी पिशवी उघडली. काजव्याचे कागद त्यांनी एकेक करून उलटले आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

'काजवा. बुधवार, आठ डिसेंबर. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. इं.'

इंदापूरचा फोन मेलेला. आणि काजवा त्याच दिवशी इंदापूरहून खेळला?

४

"शक्यच नाही!" संध्याकाळी बाई बारामतीला परतल्यावर ते ऐकून दीपक म्हणाला. मग कपाळावर हात मारून घेतला.

"काय रे?"

"आत्या, फोनवरून कुणीही आलं की माझा प्रोग्रॅम पुढं 'इं' छापतो. मी लिहिला तेव्हा मोडेम फक्त कौसल्याकडं होता."

मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनवरून बोलायला लावणारी डबी, एवढं द्वारकाबाईंना माहीत होतं. "म्हणजे ज्याच्याकडं फोन आणि ती डबी, तो कुठूनही आला तरी तुझ्या लेखी इंदापूरचाच? अरे, एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवायचे, आवाज आला म्हणून गाव ठरवू नकोस!"

"तरी शंभूराज म्हणेल, तो एक डाव दुसऱ्या कुणाचा. बाकीचे तिचेच."

हे बाईंनाही पटलं. तिन्ही मुखवट्यांमागं एकच माणूस आहे, हे दाखवल्याशिवाय पोर सुटत नव्हती.

"कागद वाच," त्या म्हणाल्या.

"सगळे? एक्केचाळीस डाव आहेत."

"पोथी लावल्यासारखं वाच. मी ऐकते."

दीपक वाचू लागला. बाई डोळे मिटून बसल्या. बुधवारच्या कागदावर काजव्याच्या वरच दुसरा डाव होता, 'शंभूराज विरुद्ध सोपान, चार ते पावणेपाच, कॉम्प्युटर दोन आणि तीन'; तोही दीपकनं वाचण्याच्या भरात वाचून टाकला. सोपान म्हणजे क्लासच्या गल्लीतलाच एक पोरगा. बाईंनी नुसती मान हलवली. वाटसरू झाला, पाखरू झालं, काजवा आला. मांडीवर ठेका धरलेलं त्यांचं बोट एकदम थांबलं.

"पहिली चाल परत वाच. प्रत्येक डावाची फक्त पहिली."

"धान्य कोठारात... धान्य कोठारात... धान्य कोठारात..." दीपकचा आवाज हळूहळू बदलत गेला. "अडतीस डावांत तीच आहे, आत्या!"

"म्हणजे तिघं एकच. आता सांग, ही चाल कशासाठी करतात?"

"कशासाठीच नाही! फुकट जाते ती. शेतातल्या धान्याला काही होत नाही. नव्यांच्या कागदावर ती चालच नाही, त्यामुळं नवे ती करत नाहीत. आणि जुने कशाला करतील? मी स्वतः गेल्या महिन्याभराचे डाव बघितलेत. कुणी केलेली नाही."

नवे करत नाहीत. जुने करत नाहीत. मग हा कोण, जो नवाही नाही आणि जुनाही नाही?

५

शनिवारी मार्गशीर्षातली एकादशी. संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात कीर्तन. द्वारकाबाई पहिल्या रांगेत बसल्या खऱ्या, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. उद्या रविवार!

बुवा तरुण होते, पहिल्यांदाच आलेले. गळा असा, की ध्रुपद उचललं तसा सगळा मंडप हलला. पखवाजाला सत्तरीचे आबाजी. त्यांनी पंचवीस वर्षं साथ केली ती थोरल्या बुवांना. थोरले बुवा गेल्याला वर्ष झालं. त्यांना दम्याचा त्रास. ध्रुपद झालं की ते क्षणभर थांबून श्वास घेत, आणि तेवढी जागा आबाजी पखवाजाच्या एका छोट्या तुकड्यानं भरून काढत.

तरुण बुवा थांबले नाहीत. पण आबाजींचा तुकडा वाजला! बुवांच्या पुढच्या ओळीवर तो धडकला. टाळकरी हसले, बुवाही हसले.

"माफी असावी, बुवा," आबाजी ओशाळून म्हणाले. "अवघड चालीत मन हातावर ऱ्हातं. सोपं आलं की हात मोकळा सुटतो, आन जुन्या बुवांकडं पळतो."

आणि पंचवीस वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं. द्वारकाबाई भर कीर्तनातून उठल्या! पाय वाचवत, माफी मागत, त्या सभामंडपाच्या खांबाशी टेकलेल्या दीपकपाशी पोचल्या आणि त्याचा दंड धरला.

"ती कोठाराची चाल. पूर्वी कधी कामाची होती का रे?"

"पूर्वी? नाही... थांबा." दीपकचे डोळे विस्फारले. "उंदीर! गणपतीच्या आधी खेळात उंदीर होते, आत्या! पहिल्याच चालीला धान्य कोठारात टाकलं नाही तर ते सगळं खायचे. पोरं कंटाळली म्हणून गणपतीत मी उंदीर काढून टाकले."

"त्या उंदरांच्या काळात खेळायचं कोण?"

"चौघंच. मी, शंभूराज, दादासो, कौसल्या."

"राजेश्वरी?"

"तिनं उंदीर बघितलेलाच नाही!"

आतून टाळांचा गजर उठला. द्वारकाबाईंनी गाभाऱ्याकडं तोंड करून हात जोडले आणि मग वळून म्हणाल्या,

"उद्या सकाळी आठला मला गडकोट शिकव."

"तुम्हाला?"

"उद्या मी खेळणार आहे. चौघांशीही."

६

रविवारी दहाला पुढची खोली खचाखच भरली. भीमराव दाराशी उभे, राजेश्वरी त्यांच्या मागं. कौसल्या सकाळच्या गाडीनं आलेली. शंभूराज हाताची घडी घालून, दादासो खुर्चीत.

"सांगायच्या आधी माझी एक हौस पुरवा," बाई म्हणाल्या. "एकसष्टाव्या वर्षी खेळ शिकलेय. चौघांनी माझ्याशी एकेक डाव खेळा."

खोलीत हशा पिकला. बाई एका कॉम्प्युटरवर, समोरचा पलीकडच्या, पाठमोरा. समोरच्यानं चाल केली की ती त्यांच्या पडद्यावर उमटे.

दीपकनं पहिली चाल केली, सरदार वेशीवर. कौसल्यानं केली, सरदार टेहळणीला. शंभूराजनं तर एका दमात चढाईच केली आणि नऊ चालींत गड घेतला. "माफ करा बरं का आत्या, हात आवरत न्हाय माझा."

"कशाला आवरतोस? छान खेळलास."

दादासो बसला. "घाबरू नका आत्या, हळूच खेळतो," तो कौसल्याकडं बघून हसत म्हणाला. बोलता बोलता त्याचं बोट कळीवर पडलं.

पडद्यावर उमटलं : धान्य कोठारात.

दादासोनं ते वाचलं. त्याचं हसू जिथल्या तिथं थिजलं. बोट कळीवरून उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"दीपक," द्वारकाबाई हळू म्हणाल्या, "ही चाल मोठ्यानं वाच."

दीपकनं वाचली. मग बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. एक्केचाळीसपैकी अडतीस डावांत हीच चाल, म्हणजे तिन्ही मुखवट्यांमागं एकच हात. ही चाल फक्त उंदरांच्या काळातला खेळाडू करील. राजेश्वरी तेव्हा नव्हतीच. काजवा आठ तारखेला, बुधवारी चारला खेळला. इंदापूरचा फोन त्या दिवशी मेलेला, म्हणून कौसल्या नव्हे. शंभूराज त्याच वेळी याच खोलीत सोपानशी खेळत होता. दीपकपुढं चारची बॅच बसली होती, अकरा पोरांची.

"बरोबरीच्यांशी खेळताना हा माणूस सावध असतो, तेव्हा ही चाल करत नाही. समोर नवा आला की मन सैल पडतं आणि हात जुन्या वाटेनं जातो. दादासो, तुमच्या प्रयोगशाळेत मोडेम आहे?"

"आहे." आवाज जेमतेम ऐकू आला.

"आयला!" शंभूराज म्हणाला. "सर, तुमी?"

दादासोनं चष्मा काढला. "गणपतीपर्यंत मी पहिला होतो. मग तू मागं टाकलंस. मग जो उठेल तो हरवायला लागला. स्वतःच्या नावानं नव्यांशी खेळावं तर एका हारीला चाळीस गुण जातात. मुखवट्याला काय जायचं होतं? त्या पोरांवर जिंकलं की वाटायचं, हात अजून शाबूत आहे. एकदाच करायचं ठरवलं होतं."

राजेश्वरी पहिल्यांदाच पुढं आली. "सर, कुठली कळ दाबायची ते मला तुमीच दाखवलं हुतं."

दादासोला तिच्याकडं बघवेना. "आणि तुझं नाव खोडलेलं बघूनही मी गप्प बसलो. मुखवट्यापेक्षा ते वाईट. भीमराव, तुमची लेक सच्ची आहे. चोर मी आहे."

७

पहिल्यांदा दीपकच बोलला. "शिडी मी बांधली. मोठ्यानं नव्याच्या वाऱ्याला उभं राहू नये, असा नियमच मी केला. नव्याला भेटणार कोण? मुखवटाच."

"मग बदल की," द्वारकाबाई म्हणाल्या. "कीर्तनात नवा टाळकरी आला तर त्याला कुठं उभा करतात? दोन जुन्यांच्या मधोमध. त्याचा ठेका चुकला तरी दोन्हीकडच्या टाळांत विरून जातो. त्याच्या चुका कुणी मोजत बसत नाही. आठ-दहा कीर्तनांत तो बरोबर पडतो, आणि मग बुवा स्वतः बघून त्याची जागा ठरवतात."

दीपकनं पेन काढलं. "पहिले दहा डाव शिडीत धरायचेच नाहीत!"

"त्या धा डावांत मोठा हरला तर त्याचे बी गुण न्हाय गेले पायजेत," शंभूराज म्हणाला. "मंग मी बी खेळतो नव्यांशी."

"आन धा डावांत एखादी हिच्यासारखी निघाली," कौसल्यानं राजेश्वरीच्या पाठीवर थाप दिली, "तर तिला हजारावर कुजवायचं न्हाय. जितकी खेळली त्या पायरीवर थेट चढवायचं!"

दादासो उठला. "ती सात पोरं. त्यांच्या घरी मी जातो. उद्यापासून. पहिली नकोशीकडं. काय केलं ते माझ्या तोंडानं सांगतो."

शंभूराजनं नवा कागद भिंतीवर चिकटवला आणि राजेश्वरीचं नाव स्वतः लिहिलं, एकेक अक्षर घोटून. "चुकलं माझं, राजेश्वरी. पर पुढल्या डावाला मी एकेक सरदार दामटणार न्हाय, सांगून ठेवतो."

"बघू की," ती म्हणाली.

सगळे हसले. हसले नाहीत ते एक भीमराव. राजेश्वरी त्यांच्याकडं बघत होती. खरं बाहेर आलं होतं. पण कॉलेज चालू की बंद, ते अजून त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

भीमराव सावकाश खुर्चीपाशी आले. मफलर सोडला. "मला बी नवाच धरा," ते म्हणाले आणि बसले. "एवढं कशापायी समदी येडी झाल्यात, बघू तरी. शंभूराव, तुमी समोर बसा. राजे, तू हिकडं." मग मान वर करून त्यांनी दाराकडं निघालेल्या दादासोला हाक मारली. "मास्तर, तुमी ह्या बाजूला बसा."

दादासो जागच्या जागी थबकला. मग येऊन खुर्चीच्या काठावर बसला, आणि कुठली कळ कशाची ते अगदी हलक्या आवाजात दाखवू लागला.

डाव सुरू झाला. भीमरावांचं जाडजूड बोट एका वेळी दोन कळा दाबी. एक सरदार आपल्याच गडाभोवती फिरत राहिला, दुसरा नदीत उतरला तो वर आलाच नाही. सोपान पोट धरून हसत होता. आठव्या चालीला गड पडला.

भीमरावांनी पडद्याकडं टक लावून बघितलं.

"राजे, कालिज सुटल्यावर कौसल्याबाईकडं किती वाजंस्तवर असतीस?"

"पाच," पोर म्हणाली.

"मंग उद्यापासनं साडेपाचला मी येतो न्यायला. थोडं थांबावं लागलं तर थांबीन." त्यांनी बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि खुर्ची पुढं ओढली. "आता ह्यो डाव पुन्यांदा लाव."